आठाचे वीस

माणसाला आपल्या घरातल्या इंटरनेटचा वेग किती आहे हे कळू नये, अशा मताला मी हल्ली आलो आहे. कळलं नव्हतं तोवर आमचं उत्तम चाललं होतं. देवरुखच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून खाली उतरलं की आमची वाडी. २०२०च्या टाळेबंदीत पुण्यातली खोली बंद करून मी इथे आलो, कंपनीने 'कुठूनही काम करा' म्हटलं आणि मी ते फारच मनावर घेतलं. मोबाइलची रेंज आमच्याकडे देवळाच्या पायरीवर मिळते. फायबर बाजारपेठेपर्यंत आलं आणि तिथेच रमलं. घरात आहे तो वडिलांच्या वेळचा टेलिफोन आणि त्याच तांब्याच्या तारेवरून येणारं इंटरनेट. मेल उघडत होती. ऑनलाइन मीटिंगमध्ये माझा आवाज जात होता, चेहरा अधूनमधून थिजत होता. चेहऱ्याबद्दल सहकाऱ्यांपैकी कोणीही कधी तक्रार केली नाही.

मग सुट्टीत ठाण्याहून भाचा आला. बूट काढायच्या आधी त्याने वायफायचा पासवर्ड विचारला आणि थोड्या वेळाने पडवीतून ओरडला, "मामा, सहा!"

मला वाटलं, विंचू निघाले.

"सहा एमबीपीएस! आमच्याकडे दोनशे येतात."

२००४च्या सरकारी धोरणाप्रमाणे २५६ केबीपीएस मिळाले तरी त्याला ब्रॉडबँड म्हणत, आणि २०२३मध्ये ही किमान पायरी वर नेली तीही २ एमबीपीएसवर. म्हणजे सरकारदरबारी मी तिप्पट श्रीमंत आहे, असं मी त्याला सांगून पाहिलं. आजोबा रेशनच्या साखरेबद्दल बोलायला लागले की मी त्यांच्याकडे जसा बघायचो, तसा तो माझ्याकडे बघत राहिला. रात्री जेवताना आईने विचारलं, "सहा म्हणजे फार कमी का रे?" दुसऱ्या दिवशी ही बातमी संगमेश्वरच्या मावशीपर्यंत पोचली होती. तिच्या सुनेकडे शंभर आहेत.

मी फोन उचलला आणि घरचा आठ एमबीपीएसचा प्लॅन बदलून वीसचा मागितला. पलीकडच्या मुलीने इतक्या आनंदाने होकार दिला, की तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

लाइनमन आले. खांबाखालच्या डीपीच्या डब्याला आपला टेस्टिंगचा फोन लावून त्यांनी काहीतरी ऐकलं, डब्यातली मुंग्यांची वारूळमाती फुंकर मारून उडवली आणि म्हणाले, "भाऊ, पैसे कशाला घालवताय? तुमच्या लायनीवर आठाच्या वर काय येणार नाय."

"का?"

"लांब आहे."

माझ्याकडे संगणकशास्त्राची पदवी आहे. 'लांब आहे' हे उत्तर मला अजिबात शास्त्रीय वाटलं नाही. सरकारी कामातली ही जुनी टाळाटाळ आहे, असं मी आईला समजावून सांगितलं. तिने त्यांना चहाबरोबर आंबोळी दिली. माझ्या मताचा तिच्यावर काय परिणाम झाला, ते त्यावरून कळलं.

आता त्या दोन शब्दांत काय भरलेलं होतं ते सांगतो, कारण ते शिकायला मला बराच खर्च आला आहे. टेलिफोनची तार बनली ती माणसाच्या आवाजासाठी. आवाजाचं काम चार किलोहर्ट्झच्या आत भागतं. ब्रॉडबँडवाल्यांनी डोकं असं लढवलं, की त्याच तारेवर आवाजाच्या वरची मोकळी जागा वापरायची. आमच्याकडे आहे त्या एडीएसएल-टू-प्लसमध्ये ही जागा २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जाते आणि तिच्या ५१२ अरुंद पट्ट्या पाडलेल्या असतात. मोडेम सुरू झाला की तो आणि एक्स्चेंजमधलं यंत्र एकेक पट्टी तपासून कुठल्या पट्टीवर किती माल लादायचा ते आपसात ठरवतात. मोडेमचा दिवा लुकलुकतो तो त्या वाटाघाटींसाठी. सगळं जुळून आलं तर २४ एमबीपीएसपर्यंत मजल जाते. पण देवळातलं कीर्तन लांबून ऐकलं तर मृदंग कानावर येतो, टाळ येत नाहीत. तसंच तारेचं आहे. अंतर वाढलं की वरच्या पट्ट्या आधी मरतात. आमचं एक्स्चेंज तीन किलोमीटरवर. शिवाय मधली तार दर पावसाळ्यात एखाद्या सांध्यात पाणी पिते आणि हिरवी पडते, आणि घराजवळच्या शेवटच्या टप्प्यावर वानरं झोके घेतात. म्हणजे वीसचा प्लॅन घेऊन मी पैसे भरत होतो ते बहुतांशी मेलेल्या पट्ट्यांचे.

पण प्लॅन बदलला त्या दुपारी वेग दहा दिसला! मी भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला, मावशीला फोन केला, लाइनमनबद्दल आईजवळ चार शब्द बोललो. संध्याकाळी सर आली आणि इंटरनेट गेलं. आलं, पुन्हा गेलं. कंपनीच्या मीटिंगमध्ये मी सारखा आत येत होतो आणि बाहेर जात होतो. शेवटी साहेबांनी विचारलं, तुझं काही मनात आहे का, असेल तर मोकळेपणाने बोल.

मोडेमच्या पोटात एक पान असतं. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की उघडतं आणि त्यावर लाइनची कुंडली असते. तिथे नॉइज मार्जिन नावाचा एक आकडा आहे: चालू वेगाला लागतं त्यापेक्षा तुमचा सिग्नल गोंगाटाच्या किती जास्त वर डोकं काढून उभा आहे, ते डेसिबलमध्ये सांगणारा. आठाच्या प्लॅनवर हा आकडा अकरा-बाराच्या घरात असायचा, म्हणजे पाऊस पडला तरी पोटाला चिमटा बसत नव्हता. वीसची मुभा मिळाल्याबरोबर यंत्राने ही सगळी शिल्लक वेगात घातली आणि मार्जिन सहावर आणून ठेवलं. सांध्यात जरा ओल आली की सहाचं शून्य, आणि वाटाघाटी पहिल्यापासून. जास्त पैसे भरून मी कमी इंटरनेट विकत घेतलं होतं.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी व्हीडीएसएलचा मोडेम मागवला. डब्यावर १०० एमबीपीएस छापलेलं होतं आणि चार अँटेना होत्या. व्हीडीएसएल १७ मेगाहर्ट्झपर्यंत आणि काही ठिकाणी ३० पर्यंत चढतं हे खरं. पण हा रुबाब तार किलोमीटरच्या आत असेल तर, आणि एक्स्चेंजमध्येही त्याच जातीचं यंत्र बसवलेलं असेल तर. आमच्या एक्स्चेंजमध्ये तसं काही नव्हतं. नव्या मोडेमने थोडा वेळ शोधाशोध केली आणि मुकाट्याने जुन्या एडीएसएलवर उतरून जुनाच आकडा दाखवला. चार अँटेनांवर आई हल्ली पिशव्या वाळत घालते.

त्यानंतर मी गोंगाटाच्या मागे लागलो. वेल्समधल्या अबरहोसान नावाच्या खेड्यातली हकीकत तेव्हा माझ्या वाचनात आली. तिथे दीड वर्ष रोज सकाळी सातला अख्ख्या गावाचं ब्रॉडबँड बसायचं. केबल बदलून झाल्या, इंजिनिअर थकले. २०२०मध्ये छडा लागला तो असा, की गावातल्या एका घरात रोज सातला जुना टीव्ही लागायचा आणि त्या टीव्हीतून निघणारा विद्युत गोंगाट सगळ्यांच्या लाइनी पाडत होता. हे वाचल्यावर मला आमच्या वाडीत प्रत्येक जण संशयित दिसू लागला. शेजारच्या काकांचा पंप सुरू झाला की मी मोडेमच्या पानाकडे धावायचो. वहीत नोंदी सुरू केल्या: पंप, ट्यूबलाइट, गिरणी, काकांच्या जावयाचा ट्रिमर. काकांनी एकदा कुंपणावरून विचारलंच, "वीज मंडळात लागलास काय रे?"

गुन्हेगार घरातच निघाला. सकाळी नारळाची चटणी वाटायला मिक्सर लागला की मार्जिन सहावरून दोनवर यायचं. मिक्सरच्या मोटारीतले कार्बन ब्रश झिजले की ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे लहानसं रेडिओ स्टेशनच. मी आईला म्हटलं, माझी मीटिंग असते तेव्हा चटणी पाट्यावर वाटत जा. आईने पाटा अंगणात आणून ठेवला, वरवंटा माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. नवे ब्रश बाजारात किरकोळ किमतीला मिळाले. त्या दिवशीची चटणी मात्र पाट्यावरचीच होती, आणि तिला कोणी नावं ठेवली नाहीत, एवढं नोंदवून ठेवतो.

तरीही आकडा डळमळतच होता. मग भिंतीवरची टेलिफोनची जुनी रोझेट उघडली आणि आत तारांचा झुबका सापडला. वडिलांनी एके काळी हौसेने घरभर एक्स्टेन्शन काढली होती. एक माजघरात, एक माडीवर आणि एक गोठ्यात. गोठ्यात फोन कोणासाठी होता, हे आईलाही सांगता येईना. फोन गेले, तारा तशाच राहिल्या. अशा टोकाला काहीच नसलेल्या तारेत सिग्नल शिरतो, शेवटी आपटतो आणि उलटा येऊन मूळ सिग्नललाच धडकतो. सगळी फांदी उपटायची, असं मी ठरवलं. स्टुलावर चढलो, हाताला घाम, पक्कड दातांत, उघडी जोडी दोन बोटांत धरलेली. टेलिफोनच्या तारेवर एरवी ४८ व्होल्ट असतात, ते कोरड्या हाताला फारसे कळत नाहीत. फोन वाजतो तेव्हा मात्र त्यावर ७५च्या आसपास व्होल्टची एसी चढते. हे मला माहीत होतं. मावशी रोज अकराला फोन करते, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकत्र आठवल्या त्या जमिनीवर पोचल्यावर.

"पडलास काय?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं आणि मग, रिंग वाजतच होती म्हणून, फोन घेतला. "नाही गं, तो इंटरनेट वाढवतोय."

उरलेलं काम लाइनमननी केलं. गोठ्याची आणि माडीची तार तोडून टाकली, हिरवा पडलेला सांधा कापून नवा केला, डीपीतली जोडी बदलून दुसरी दिली. त्यांनी न विचारताच मी मोडेमचं पान उघडून त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "आता परत आठाचा घ्या." घेतला. पूर्वी आठाच्या प्लॅनवर सहा यायचे, आता आठ येतात, पावसातही. मार्जिन बारा आहे. मोडेम, ब्रश, वीसच्या प्लॅनचे हप्ते आणि कंबरेला लावलेलं मलम धरून या दोन एमबीपीएसचा भाव काय पडला, तो हिशेब मी आईपासून लपवून ठेवला आहे.

तुमच्याकडे अजून तांब्याची लाइन असेल, तर मोठा प्लॅन घेण्याआधी मोडेमच्या पानावर नॉइज मार्जिन बघा. ते सहाच्या आसपास घुटमळत असेल तर पैसे वाचवा, आणि आधी घरातल्या जुन्या एक्स्टेन्शनच्या तारा काढून टाका. अकराच्या सुमाराला मात्र काढू नका.