सॉलिसिट करणारे आणि न करणारे

मराठी लग्नपत्रिकेच्या तळाशी एखादं चिमुरडं ‘माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ असं बजावतं. तीच पत्रिका इंग्रजीत निघाली की लाडीगोडी संपते आणि दोन्ही घरं मिळून पाहुण्यांची ‘ग्रेशस प्रेझेन्स’ सॉलिसिट करू लागतात. पाहुणे येतात, जेवतात, पाकीट देतात. क्रियापदाच्या चारित्र्याची चौकशी कोणी करत नाही.

केली तर पंचाईत आहे. लॅटिनमध्ये या शब्दाच्या मुळाशी ढवळणं, अस्वस्थ करणं असा अर्थ होता. इंग्रजीत येऊन त्यानं विनवणीचा सूर लावला आणि वकिलीत तर नशीबच काढलं. चॅन्सरी न्यायालयात अशिलासाठी खटपट करणारा तो सॉलिसिटर. १८७५मध्ये इंग्लंडमधल्या न्यायालयांची फेररचना झाली, तेव्हा ‘अ‍ॅटर्नी’ म्हणवणारे वकीलही ते बदनाम झालेलं बिरुद टाकून सॉलिसिटर झाले.

त्याच इंग्लंडमध्ये १९५९चा स्ट्रीट ऑफेन्सेस अ‍ॅक्ट आला. वेश्याव्यवसायासाठी रस्त्यात गिऱ्हाईक गाठण्याच्या गुन्ह्याला त्यात शब्द आहे, सॉलिसिट! आपल्याकडच्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या आठव्या कलमातही हाच. पत्रिका छापणाऱ्यांनी ते कलम वाचलेलं नसतं, हे बरंच म्हणायचं.

अमेरिकेत मामला आणखी निराळा. तिथे घरांच्या दारांवर ‘नो सॉलिसिटिंग’ अशा पाट्या असतात. न्यू जर्सीत नव्यानं उतरलेल्या मराठी माणसाला, इथे वकिलांवर एवढा राग का, असा प्रश्न पडला तर त्याचं चुकलं म्हणवत नाही. राग असतो तो दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांवर. वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर गावानं १९३१मध्ये, न बोलावता दारात येणाऱ्या विक्रेत्यांना सरळ बंदीच घातली. घरोघरी ब्रश विकणारी फुलर ब्रश कंपनी चिडून कोर्टात गेली आणि १९३३मध्ये हरली. अशा नियमांना तिकडे अजून ‘ग्रीन रिव्हर ऑर्डिनन्स’ म्हणतात. ब्रशवाल्यांनी गावाचं नाव मात्र देशभर केलं.

खरी गंमत मुंबईच्या फोर्टात. पितळी पाटीवर ‘सॉलिसिटर्स’ असं दिमाखात कोरलेलं. आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाचा छत्तिसावा नियम सांगतो की वकिलानं काम सॉलिसिट करायचं नाही, जाहिरात करायची नाही, दलाल नेमायचे नाहीत. नावाची पाटीसुद्धा बेताच्याच आकाराची हवी. त्यामुळे अनेक फर्मच्या वेबसाइटवर पाहुण्याला आधी कबुली द्यावी लागते, की ‘मला कोणी सॉलिसिट केलेलं नाही, मी आपणहून आलो आहे.’ ‘मान्य’ म्हटल्यावरच सॉलिसिटरसाहेबांचा हसरा फोटो उघडतो.