वाढत्या अंगाचे भाऊसाहेब

भाऊसाहेबांना तुम्ही ओळखता. गणवेशाचा शर्ट पोराच्या खांद्यांवरून कोपरापर्यंत ओघळत असताना "असू दे, वाढतं अंग आहे" म्हणत तो पिशवीत टाकणारे. बुटाच्या टोकात कापूस कोंबून देणारे. चौथीतल्या मुलीला अशी सायकल आणणारे, की बिचारीचे पाय पेडलला सहावीत टेकावेत. प्रत्येक घराण्यात एक भाऊसाहेब असतात. काही घराण्यांत दोन असतात, आणि ते एकमेकांना मापं सुचवतात.

आमच्या गोष्टीतले भाऊसाहेब जळगावचे. तिथे किंवा अमरावतीला सॉफ्टबॉल ही काही नवलाई नाही. लेकीला क्रीडाशिक्षकांनी कॅचर म्हणून उभं केलं, म्हणजे खरं तर बसवलं, तेव्हा भाऊसाहेबांना सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण तोंडपाठ होतं. बॉलचा घेर १२ इंच असतो, हे मात्र दुकानात गेल्यावर कळलं.

"उजवी आहे ती. उजव्या हाताचा ग्लव्ह दाखवा."

"भाऊ, उजव्या हाताने बॉल फेकणार ना? मग ग्लव्ह डाव्या हातात." दुकानदाराला या वाक्याची सवय असावी.

भाऊसाहेबांनी मान डोलावली, पण दुकानदार आपला जुना स्टॉक खपवतोय असा संशय त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता. मग किमतीचा विषय निघाला आणि खरा घोळ झाला. साधा ग्लव्ह मोजतात तो तळव्याच्या बुडापासून बोटाच्या टोकापर्यंत. तो ११-१२ इंचांचा भरतो. कॅचरच्या खास ग्लव्हला, म्हणजे मिटला, वेगळी बोटं नसतात आणि तो मोजतात बाहेरच्या कडेने, सगळा घेर धरून. लहान मुलांचा ३१-३२ च्या आसपास, मोठ्यांचा ३३-३४. भाऊसाहेबांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि मनात त्रैराशिक मांडलं. किंमत थोडीशीच जास्त आणि माल जवळजवळ तिप्पट! असा सौदा सोडणारा माणूस खानदेशात तरी जन्मायचा आहे.

दुकानदाराने समजावलं. पोरगी नवीन आहे, आज कॅचर, उद्या सर आउटफील्डला पाठवतील. आणि नियमाने मिट फक्त कॅचर आणि फर्स्ट बेसवाल्यालाच चालतो. साधा साडेअकरा इंची घ्या, सगळीकडे खेळेल. मिटच हवा असेल तर निदान लहान मापाचा घ्या. लेकीनेही चौतिसात हात घालून तो मिटायचा प्रयत्न केला. मिट जागचा हलला नाही.

"वाढतं अंग आहे," भाऊसाहेब म्हणाले, आणि पाकीट काढलं.

या खेळात ग्लव्हचा घोळ जन्मापासूनचाच आहे म्हणा. १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये जॉर्ज हँकॉक यांनी सॉफ्टबॉलचा पहिला डाव मांडला, तेव्हा बॉल म्हणून वापरला होता दोरीने आवळलेला बॉक्सिंगचा ग्लव्ह! भाऊसाहेब तिथे असते तर त्यांनी तोही एक नंबर मोठा मागितला असता.

नवा मिट कडक असतो. फडक्याने अगदी थोडं तेल लावायचं, खोबणीत बॉल ठेवून रात्री दोरीने बांधायचा आणि रोज कॅच घेत राहायचं, एवढाच त्याचा उपचार. भाऊसाहेबांनी अर्धी बाटली खोबरेल तेल ओतलं आणि मिट गच्चीवर जळगावच्या मे महिन्यात ठेवला. कातडं तेल पिऊन जड झालं आणि उन्हाने वरून कडकही झालं. दोन्ही एकदम साधायला कसब लागतं.

मैदानावर व्हायचं तेच झालं. १८०-१९० ग्रॅमचा बॉल तळव्यावर आपटून पुढ्यात पडे. मिट एका हाताने मिटेना, म्हणून पोरगी दुसरा हात मदतीला आणू लागली. कॅचरने नेमकं हेच करायचं नसतं. मोकळा हात पाठीमागे ठेवायचा, कारण बॅटला चाटून आलेला बॉल आधी बोटं शोधतो. त्याने अंगठा शोधला. अंगठा सुजला. "बघा, वाढला!" असं भाऊसाहेब म्हणाले नाहीत, ही त्यांची मोठी कृपा.

सरांनी शाळेच्या किटमधला जुना ग्लव्ह काढून दिला. नाडी तुटलेली, तिथे बुटाची लेस ओवलेली, कातडं कित्येक पोरींच्या हातांनी मऊ झालेलं. पहिलाच बॉल आत गेला आणि आत राहिला.

भाऊसाहेबांवर रागवावं, तर त्यांची एक गोष्ट आड येते. ते पाच भावांतले धाकटे. थोरल्याची पँट खाली उतरत उतरत त्यांच्यापर्यंत येई तेव्हा तिचा मूळ रंग कुणाला आठवत नसे. लहानपणी मापाचे कपडे त्यांनी कधी घातलेच नाहीत. नवी वस्तू मापाचीही असू शकते, हे त्यांना कुणी दाखवलंच नाही. म्हणून ते मोठं माप घेतात. लेक आपल्यापेक्षा मोठी होणार, यावर त्यांनी आगाऊ पैसे भरलेले असतात.

आणि तो चौतीस इंची मिट वाया गेलेला नाही. तो भाऊसाहेबांच्या हातात फिट्ट बसतो. कॅचरला होमप्लेटवरून सेकंड बेसला फेकावं लागतं, जवळजवळ ८५ फूट. तेवढं अंतर गल्लीत घराच्या फाटकापासून विजेच्या डीपीपर्यंत भरतं. संध्याकाळी लेक फाटकाशी बसते, उठते, फेकते. डीपीपाशी भाऊसाहेब कमरेत वाकून झेलतात. मागच्या आठवड्यात एका खालून आलेल्या थ्रोवर त्यांच्या शर्टाचं बटण तुटून गटारात गेलं. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "वाढतं अंग का, भाऊसाहेब?"

तुम्ही ग्लव्ह घ्यायला जाणार असाल तर मुलीला बरोबर न्या. तिला तो हातात घालून, दुसऱ्या हाताची मदत न घेता, आठ-दहा वेळा मिटायला लावा. मिटला तर घ्या. भाऊसाहेबांनाही न्यायला हरकत नाही, पैसे त्यांच्याकडेच असतात. फक्त ते एक वाक्य म्हणायच्या आत बिल करून टाका.