आठ मिलिमीटरचा मोठेपणा

नागपुरात कंबर धरली की धंतोलीतल्या डॉक्टरांआधी शेजारी निदान करून मोकळे होतात : 'मणक्यात गॅप आला.' गॅप कशाकशात, हे विचारायची पद्धत नाही. मग एमआरआय होतो आणि एल-फोर, एल-फाइव्ह हे कमरेचे मणके जणू घरातलीच दोन माणसं होतात. पूर्वी 'ऑपरेशन' म्हटलं की घर चिडीचूप व्हायचं. आता 'दुर्बिणीनं, आठ मिलिमीटरचा चिरा' ऐकून सगळे एकदम शूर होतात. माझं भांडण या शौर्याशी आहे. ऑपरेशन लहान आहे, हे ते करण्याचं कारण कसं होईल? 1994 साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिकांची मणक्यांमधली किमान एक गादी फुगलेली निघाली. म्हणजे सकाळी तर्री-पोह्यांसाठी ताटकळणाऱ्या रांगेचे फोटो काढले तर तिथंच शस्त्रक्रियांची यादी तयार होईल! फोटोतली गादी आणि पायात उतरणारी कळ यांचा मेळ बसला, तरच दुर्बिणीला काम आहे.

'पण मेळ बसला, तर थांबायचं कशाला?' 2007 मधल्या हॉलंडच्या अभ्यासात तीव्र सायटिकाच्या, म्हणजे पायात उतरणाऱ्या कळेच्या, 283 रुग्णांपैकी काहींचं ऑपरेशन लवकर केलं, बाकीच्यांना थांबवलं. लवकरवाल्यांची कळ लवकर गेली. वर्षअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. थांबलेल्यांतल्या 39 टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलंच, हेही खरं. शिवाय गडचिरोली-छिंदवाड्याहून आलेल्या मजुरानं वर्षअखेरीची वाट कशाच्या जिवावर पहायची? त्याला लवकर जाणारी कळ म्हणजे रोजी. तिथं माझा युक्तिवाद लंगडा पडतो. आणि लघवी अडली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर वाट पाहणं हा निव्वळ अडाणीपणा.

दुर्बिणीचे गुण खरेच आहेत. स्नायू फारसे सोलावे लागत नाहीत, आणि बरेचदा जागा बधिर करूनच काम भागतं. रुग्ण जागा असल्यामुळे नसेला धक्का लागताच ओरडतो. (नागपूरचा असेल तर सल्लाही देईल.) अडचण पुढे येते. भेटायला आलेले नातेवाईक पट्टी पाहून 'बस, एवढंच?' म्हणतात, आणि ओशाळलेला रुग्ण चौथ्या दिवशी स्कूटर काढतो. कातडीवरचा चिरा लहान असला, तरी आत गादीला पडलेली भेग त्यामुळे लहान होत नाही, आणि तिथून गादी पुन्हा बाहेर येऊ शकते. ती भेग नातेवाइकांना दाखवायची सोय अजून निघालेली नाही.