मार्केटवाले भाऊ

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सकाळी सव्वानऊला टपरीवर जा. समोरच्या चहावर साय धरली आहे, शेजारचा काहीतरी विचारतो आहे आणि याची नजर मोबाइलवरून हलत नाही, असा एक माणूस दिसेलच. तेच मार्केटवाले भाऊ. नगर शहरात, सावेडीला, त्यांना ‘सर’ म्हणतात, राहुरीला ‘शेठ’, पाथर्डीला नुसतेच ‘मार्केटवाले’. कुणाचे खतांचे दुकान असते, कुणी शाळेत गुरुजी, कुणी महावितरणमधून निवृत्त झालेला. पण हे सगळे पोटापाण्यापुरते. खरा जीव सव्वानऊ ते साडेतीनच्या मध्ये अडकलेला. शनिवार-रविवार बाजार बंद, म्हणून भाऊ उदास. घरात पाहुणे आले तरी ते सोमवारची वाट पाहत बसतात.

भाऊंचा दिवस कसा चालला आहे हे विचारावे लागत नाही, त्यांचा मोबाइल कसा ठेवला आहे ते पाहिले की पुरते. स्क्रीन हिरवी असली की मोबाइल आपोआप शेजाऱ्याच्या नाकाखाली येतो. लाल असली की तो बाकावर पालथा पडतो आणि भाऊ पावसाविषयी बोलू लागतात. जाणकार सांगतात, की भाऊंची खाती दोन असतात. एक दाखवायचे, त्यात चारशे रुपये नफा कायम उभा असतो. दुसऱ्याचा पासवर्ड वहिनींनाही ठाऊक नाही. शनिशिंगणापूरच्या घरांना कुलूप नसते, तिथे बँकेची शाखासुद्धा २०११ साली बिनकुलपाची निघाली. त्याच जिल्ह्यात भाऊंचे हे एक खाते मात्र पिन, पासवर्ड आणि ओटीपी अशा तीन पहाऱ्यांत असते.

भाऊंच्या वडिलांना हा सगळा प्रकार समजतच नाही. त्यांच्याकडेही शेअर आहे, पण तो साखर कारखान्याचा. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, १९५०-५१ च्या सुमारास त्याचे धुराडे पेटले आणि तेव्हापासून या जिल्ह्यात शेअर म्हणजे काय ते पक्के ठरून गेले: ऊस घालायचा हक्क, वार्षिक सभेत भांडायचा हक्क, निवडणुकीत एक मत आणि दिवाळीला सवलतीची साखर. त्या शेअरचा भाव सकाळी वर आणि दुपारी खाली होत नाही. म्हणून म्हातारा दर दिवाळीला निरागसपणे विचारतो, “तुझ्या कंपनीनं यंदा काय दिलं रे? साखर, तेल, काही?” भाऊ म्हणतात, “बोनस शेअर दिला, आबा.” आबा म्हणतात, “तो चहात घालता येतो का?”

तरी सट्टा या जिल्ह्याला नवा नाही. पारनेर-नगरचा शेतकरी एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा चाळीत भरतो आणि दिवाळीपर्यंत भावाची वाट पाहतो, तेव्हा तो जे करतो त्याला भाऊंच्या भाषेत ‘पोझिशन होल्ड करणं’ म्हणतात. घोडेगावच्या कांदा लिलावात उभे राहिलेल्या माणसाला तेजी-मंदी शिकवायला कुणी लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. भाव कोसळून व्यवहारच थांबवणारे लोअर सर्किट कसे लागते ते चाळवाल्यांनी डीमॅट खाते न काढताच पाहिले. भाऊ मात्र यातून वेगळाच धडा घेतात. “कांदा सडतो, त्याला कोंब येतात. शेअर सडत नाही. घेऊन ठेवायचा, बघायचंच नाही.”

हा सिद्धांत भाऊंनी येस बँकेवर तपासून पाहिला. २०१८ मध्ये चारशेच्या घरात असलेला शेअर उतरू लागला तशी भाऊंची खरेदी चढू लागली. तीनशेला घेतला, दोनशेला ‘ॲव्हरेज’ केला, शंभरला पुन्हा ॲव्हरेज केला, पन्नासला मेव्हण्यालाही घ्यायला लावला. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर निर्बंध घातले. पाठोपाठ पुनर्रचनेची सरकारी योजना आली आणि शंभरपेक्षा जास्त शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. भाऊंच्या कारकिर्दीतली सर्वांत दीर्घ मुदतीची गुंतवणूक ती हीच. आता ते छाती पुढे काढून सांगतात, “मी ट्रेडर नाही हो, मी लाँग टर्मवाला.” मेव्हणा अजून दिवाळीला येत नाही.

भाऊंचा बाजारात गृहप्रवेश झाला तो जानेवारी २००८ मध्ये, रिलायन्स पॉवरच्या अर्जानिमित्त. त्या एका इश्यूसाठी तालुक्या-तालुक्यांत डीमॅट खाती निघाली होती. शेअर ४५० रुपयांचा, मागणी सत्तरपटीच्या वर. ११ फेब्रुवारीला तो बाजारात आला आणि त्याच दिवशी ३७२ रुपये ५० पैशांवर बंद झाला. अर्ज नाकारले गेलेले लोक त्या दिवशी पेढे वाटायच्या बेतात होते. भाऊंना मात्र शेअर लागले होते. नशीबवान म्हणून आठवडाभर त्यांचा सत्कार झाला होता, तो परत कसा घ्यायचा हे कुणालाच कळेना.

त्याच जानेवारीत दलाल स्ट्रीटवर ब्राँझचा बैल उभा राहिला. घडवणारे सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे, म्हणजे तेजीचे प्रतीक आपल्याच मुलखातून गेलेले. बैल आला आणि २१ जानेवारीला सेन्सेक्स १४०८ अंकांनी कोसळला. जगभर अमेरिकेतल्या गृहकर्जांची चर्चा चालू होती, पण दलालांत कुजबूज सुरू झाली ती बैलाच्या पायगुणाची. न्यूयॉर्कचा बैल या बाबतीत सुखी. आर्तुरो दि मोदिका याने १९८९ च्या डिसेंबरमध्ये तो परवानगी न घेताच एका रात्रीत शेअर बाजारासमोर आणून ठेवला होता आणि आजही पर्यटक नशीब उजळावे म्हणून त्याला हात घासतात. भाऊंना ही हकिगत सांगितली, तर ते गंभीरपणे विचारतात, “तोंड कुठल्या दिशेला होतं?”

कारण भाऊंच्या शास्त्रात ताळेबंदापेक्षा दिशा, वार आणि शर्ट यांना वजन जास्त. ज्या दिवशी नफा झाला त्या दिवशीचा शर्ट पुढचे तीन दिवस धुवायला पडत नाही. सौदा उघडा असताना घरात कुणी “आज किती?” म्हणायचे नाही. निफ्टीच्या सौद्यांची साप्ताहिक मुदत, म्हणजे एक्सपायरी, गुरुवारी असायची तोवर भाऊंचा उपवास गुरुवारी, साईबाबांचा. सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी गेली, तेव्हापासून उपवासही मंगळवारी, मोहटादेवीचा. शनीला तेल वाहायला ते जातातच, पण बाजाराला सुट्टी असलेल्या वारी साडेसाती कशी काय उतरेल, ही शंका त्यांनी पुजाऱ्याला विचारून झाली आहे.

गोष्टी सांगण्यात भाऊंचा हात कुणी धरणार नाही. हर्षद मेहता हे त्यांचे आवडते आख्यान. दोनशेच्या आसपासचा एसीसी नऊ हजारांच्या घरात कसा गेला, हे ते इतके रंगवून सांगतात की जणू तेव्हा पंख्याखाली शेजारी बसले होते. बँकांच्या रोख्यांचा घोटाळा १९९२ मध्ये सुचेता दलाल यांनी उघड केला, हा भाग मात्र ते पाण्याचा घोट घेता घेता उरकतात. २०२० मध्ये ‘स्कॅम १९९२’ ही मालिका आली आणि भाऊंच्या टपरीवर पोरांची गर्दी झाली. देशात सुमारे चार कोटी असलेली डीमॅट खाती ऑगस्ट २०२२ पर्यंत दहा कोटींवर गेली, ती काही वॉरेन बफे वाचून नव्हे. अमेरिकेत १९२९ च्या पडझडीबद्दल एक दंतकथा सांगतात: बूट पॉलिश करणारा पोरगा टीप देऊ लागला, तेव्हा जोसेफ केनेडी शहाणपणाने शेअर विकून मोकळा झाला. नगरला सलूनमध्ये वस्तरा गळ्यावर असताना टीप मिळते, त्यामुळे विकायची सोडा, मान हलवायचीही सोय नाही.

एक गोष्ट भाऊ सांगत नाहीत, कारण ती त्यांना ठाऊक नाही. खरे तर ती त्यांच्या अगदी घरची आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर शेअर वर जात. बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर दहापट भावाला विकला गेला. १८६५ ला युद्ध संपले आणि सगळे कोसळले. त्या तेजीत दख्खनच्या गावांतही सावकारांनी उधारीचा हात सैल सोडला होता, मंदी येताच तो आवळला. वाढलेला शेतसारा आणि इतर कारणे मिळून १८७५ च्या मे-जूनमध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे उसळले. शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या. त्याच वर्षी जुलैत मुंबईत दलालांनी आपली संघटना बांधली, तीच आजची बीएसई. म्हणजे मुंबईत कागद जपायची संस्था निघाली आणि नगरमध्ये कागदाच्या होळ्या झाल्या, दोन्ही एकाच साली.

४ जून २०२४ चा दिवस नगरकर विसरणार नाहीत. लोकसभेची मतमोजणी चालू होती. नगरच्या जागेवर लंके निवडून येणार की विखे, यावर चौकाचौकात पैजा लागल्या होत्या आणि फेरीगणिक आकडे ओरडले जात होते. भाऊ एकटेच कोपऱ्यात. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी उसळला होता, भाऊंनी त्या टोकाला, बाजार आणखी चढेल म्हणून, कॉल ऑप्शन घेतले होते. मतमोजणीच्या दिवशी सेन्सेक्स सुमारे ४,३९० अंकांनी आपटला. रात्री लंक्यांचा गुलाल उधळला गेला तेव्हा भाऊही गुलालात माखलेले दिसले. कुणीतरी विचारले, “भाऊ, तुम्ही लंक्यांचे?” भाऊ म्हणाले, “मी कुणाचाच नाही राव, मी ऑप्शनवाला.”

पण भाऊ हरले असे त्यांच्या तोंडून कधी ऐकू येणार नाही. “अजून विकलंय कुठं? विकल्याशिवाय लॉस नसतो.” विकले असेल, तर “ऑपरेटरनं माल काढला.” ऑपरेटर सापडला नाही, तर “ऐनवेळी ॲप हँग झालं.” आणि ॲपही धड चालत असेल, तर वहिनींनी नेमके त्याच वेळी दळण आणायला पाठवले होते. टपरीवर नफ्याच्या गोष्टी तेवढ्या पोचतात, तोट्याच्या घरीच राहतात. त्यामुळे ऐकणाऱ्या पोरांना वाटते, इथे सगळे कमावतात.

इथपर्यंत हसायला हरकत नाही, कारण भाऊ पैसे घालवतात ते स्वतःचे. फार तर मेव्हण्याचे. पण हीच बोली, हीच हिरवी स्क्रीन घेऊन जिल्ह्यात दुसरी एक जमात फिरते. ‘तुम्ही फक्त पैसे द्या, ट्रेडिंग आम्ही करतो, दर महिन्याला ठरलेला परतावा घ्या’ असे सांगून शेवगाव परिसरात लोकांकडून ठेवी गोळा झाल्या, ऊसबिलाचे आणि जमीन विकल्याचे पैसेही त्यात गेले. २०२४ मध्ये हे ‘बिग बुल’ एकामागून एक गायब झाले आणि गुन्हे दाखल होऊ लागले. शेअर बाजारात ठरलेल्या परताव्याची हमी देणे सेबीच्या नियमांत बसत नाही आणि सल्लागार नोंदणीकृत आहे की नाही, हे सेबीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. मार्केटवाले भाऊ आणि त्या बुलांमधला फरक ओळखायची खूण सोपी आहे: भाऊ टीप देतात आणि चहाचे बिल तुमच्यावर ढकलतात, त्यापलीकडे तुमच्या पैशाला हात लावत नाहीत.

सेबीने फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांचा हिशेब मांडला, त्यात २०२४-२५ या वर्षात १०० पैकी ९१ जण तोट्यात निघाले. एकूण तोटा एक लाख पाच हजार कोटी रुपयांच्या वर. नगरमध्ये मात्र ज्याला विचाराल तो उरलेल्या नवांपैकी असतो.