संग्रह विकणे आहे

बंदुका तीनच. तरी मी त्यांना संग्रह म्हणतो, आणि तिनाला संग्रह म्हणू नये असं शस्त्र कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. कायद्याचं दुखणं वेगळंच निघालं. डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे तिनाऐवजी दोनच बंदुका राहतील असं ठरवलं आणि जास्तीची वर्षाच्या आत पोलिसांत किंवा परवानेवाल्या दुकानदाराकडे जमा करायला सांगितली. वारसाहक्कानं आलेली असली तरी सूट नाही. मूळ विधेयकात तर एकच ठेवायची होती, पण संसदेत ओरड झाली म्हणून दोनवर भागलं. एवढ्या मोठ्या देशात हा नेम नेमका माझ्यावरच धरलाय, अशी माझी खात्री झाली.

"एक द्यायची तर तिन्ही देऊ," मी जेवताना जाहीर केलं. "संग्रह फोडायचा नाही. आणि रास्त किमतीच्या खाली एक रुपया घ्यायचा नाही."

"अहो, भंगारवाला रविवारी येतो," बायको म्हणाली.

मी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर 'मूल्यांकन' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. एक ठासणीची बंदूक, तिचं वय कुणालाच माहीत नाही. एक इशापूरच्या कारखान्यातली .३१५ रायफल, सरकारी नोकरासारखी निमूट. आणि तिसरी ती! बर्मिंगहॅमची दुनळी, बारा बोअर, चामड्याच्या पेटीसकट. आजोबा कऱ्हाडला वकिली करत. एका पक्षकाराकडे फी द्यायला पैसे नव्हते, त्यानं ही दिली. पाहुण्यांना मात्र मी 'आमच्या घराण्यातली' एवढंच सांगतो. पक्षकाराचं घराणं की आमचं, हे अजून तरी कुणी विचारलेलं नाही.

टाळेबंदीत लोक केक करायला शिकले, मी इंग्लंडमधल्या बंदुकांच्या लिलावांचे निकाल वाचायला शिकलो. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड ही नावं आणि त्यांच्यापुढचे पौंडांचे आकडे! त्यांना मनातल्या मनात जवळजवळ शंभरानं गुणायचं आणि उशी उलटी करून पुन्हा पडायचं.

इथं बोअर म्हणजे काय ते सांगायला हवं. सांगायला नको, पण मी सांगणार. एक पौंड शिसं घ्या. त्याच्या सारख्या बारा गोळ्या ओता. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. सोळा बोअर बारापेक्षा लहान, वीस त्याहून लहान. इथवर सगळं सुरळीत चालतं आणि मग येते चारशे दहा. या हिशोबानं तिच्यात तुरीचा दाणासुद्धा अडकायला हवा, पण तसं होत नाही, कारण तो आकडा गोळ्यांचा नाहीच. ती नळीची रुंदी आहे, एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले चारशे दहा. शिशाच्या हिशोबानं ती सदुसष्टच्या आसपास जाते. हे मी साखरपुड्यांत सांगितलंय, सोसायटीच्या वार्षिक सभेत सांगितलंय, दातांच्या डॉक्टरांना तोंडात कापूस असताना सांगायचा प्रयत्न केलाय. घरात 'एक पौंड शिसं' एवढे शब्द निघाले की बायको चहा ठेवायला उठते, आणि तो चहा फार वेळ उकळतो.

आणि प्रूफचे शिक्के! बर्मिंगहॅमला १८१३ साली खास कायदा करून प्रूफ हाऊस काढलं. नव्या नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढायचा, आणि नळी फुटली नाही तर तिच्यावर शिक्का उठवायचा. आमच्या दुनळीवर ते शिक्के आहेत. भिंग लावून ते वाचताना मला स्वतःचीच परीक्षा पास झाल्यासारखं वाटतं.

भिंगानंच घात केला. १८७५ साली ॲन्सन आणि डीली या दोघांनी बाहेरचे घोडे काढून सगळी यंत्रणा एका आटोपशीर पेटीत बसवली. ती इतकी साधी आणि टिकाऊ निघाली की बर्मिंगहॅमनं त्या धर्तीच्या बंदुका ढिगानं केल्या. आमची त्या ढिगातली. पर्डीच्या पुढे जे आकडे असतात, त्यातली बरीच शून्यं काढली की आमच्या दुनळीच्या बहिणींचे आकडे येतात. वहीत मी 'किंमत' खोडून 'ऐतिहासिक मूल्य' असं केलं.

बंदुकीला गोष्ट चिकटली की तिचं मोल लोखंडावर ठरत नाही. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटला .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. शतकभरानं तीच रायफल रिग्बी कंपनीनं परत मिळवली. आमच्या दुनळीलाही गोष्ट आहे. आजोबांनी कोयनेकाठी बिबट्या लोळवला होता. माझ्या लहानपणी तो बिबट्या साडेपाच फुटांचा होता, पुतण्याला मी सांगितला तेव्हा सात फुटांवर गेला होता. पुरावा म्हणून मी आजोबांची रोजनिशी उघडली. नोंद अशी : 'कोयनेकाठी मुक्काम. बिबट्या दिसला नाही. डास फार.' १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला आळा घातला आणि आमच्या घराण्याची अब्रू वाचवली असं माझं मत आहे.

शेवटी दुकानदाराकडे गेलो. भला माणूस. त्यांनी दुनळी मोडून नळ्या उजेडाकडे धरल्या, दस्त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, माल चांगला आहे." मग बराच वेळ थांबून, "पण लांब आहे."

लांब म्हणजे कमरेला लागत नाही. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला बाहेरची बंदूक आणता येत नाही. नामवंत नेमबाजांची गोष्ट वेगळी. त्यामुळे त्याआधी आलेल्या विलायती पिस्तुलांना लाखांचे भाव आहेत, मग ती किती का झिजलेली असेनात. कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरलाही मागणी आहे. दुनळीला कुणी विचारत नाही. "ठेवून जा," ते म्हणाले, "पण महिन्याचं भाडं पडेल."

त्यांच्याचकडून नंबर घेऊन एक तरुण घरी आला. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, गॉगल डोक्यावर. मी शिशाच्या चौथ्या गोळीपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "काका, कमरेला लागंल असं काय नाही का? लोकांना दिसाय पाहिजे."

तो गेल्यावर मी संध्याकाळभर तणतणत होतो. कारागिरी कळत नाही, पोलादाची पारख नाही, हत्यार म्हणजे यांना नुसता दागिना! वरातीत बार उडवणं आता कायद्यानं गुन्हा ठरलंय, तेवढं एक बरं झालं. "दिसायला पाहिजे म्हणे!"

बायकोनं भाजी निवडता निवडता विचारलं, "आणि आपली पेटी सोफ्यासमोर कुणी ठेवलीय? पाय ठेवायला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेटी मी आतल्या खोलीत नेली, तिथंही ती दारातून दिसते.

बाबांनी ती कधीच दर्शनी ठेवली नाही. ते मुख्याध्यापक होते, हातात खडूखेरीज काही शोभत नसे. बंदुका निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या, आणि आपल्याकडे निवडणुका कधी नसतात? गंजाचा ठिपका घेऊन परत आल्या की बाबा गजाला चिंधी बांधून नळ्या पुसत बसायचे, तक्रार नाही. खंडेनवमीला पाटावर मांडायच्या, हळदकुंकू, झेंडू, आणि शेजारी त्यांचं फाउंटन पेन. गोळी त्यांनी कुणावर झाडली नाही. मी एकदा त्यांना विचारलं होतं, मग ठेवायच्या कशाला? ते म्हणाले, "आपल्या नावावर आहेत ना, मग सांभाळायच्या." शेवटच्या आजारपणात त्यांनी बँकेचं विचारलं नाही, औषधाचं विचारलं नाही. परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख तेवढी दोनदा विचारली. मला तेव्हा वैताग आला होता. वहीच्या 'मूल्यांकन' पानावर ही गोष्ट कुठल्या रकान्यात घालायची ते मला अजून सुचलेलं नाही, आणि तिन्ही विकायची माझी हिंमत रायफलीपाशी आणि ठासणीच्या बंदुकीपाशी थांबली. त्या दोन कायद्यात बसतात. जायची ती दुनळीच.

गिऱ्हाईक मिळालं चिपळूणकडचं. शेतीसंरक्षणाचा परवाना, त्यावर बारा बोअरची नोंद, सगळं चोख. रानडुकरं भात लोळवतात आणि वानरं नारळ ठेवत नाहीत. "मारायला परवानगी लागते काका, आवाजाला नाय लागत," तो म्हणाला. किंमत त्यानं सांगितली ती माझ्या आकड्यातलं एक शून्य गाळून. मी पेटीचे वेगळे मागितले. पेटी नको म्हणाला, रानात कुठं मिरवायची. मग पेटी मी तशीच घे म्हटलं, दुनळीला गोणपाटात पाहवलं नसतं. खासगी विक्रीची लेखी खबर आधी द्यावी लागते आणि पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. तो अर्ज आम्ही तिथंच बसून लिहिला.

अर्जाची शाई वाळेपर्यंत मी त्याला सगळं सांगितलं. बर्मिंगहॅम, शिक्के, ॲन्सन, डीली, बारा गोळ्या, चारशे दहाची भानगड, नळीत जुनं आखूड काडतूसच का घालायचं ते. चहा आलाच नाही, म्हणून कोयनेचा बिबट्याही सांगितला, साडेपाच फुटांचाच. त्यानं मान डोलावत सगळं ऐकलं. मग बंदूक खांद्याला लावून खिडकीबाहेर नेम धरला आणि विचारलं, "तां सगळां खरां काका. पण बार डावीकडं जातो काय हिचा?"

आमच्या घरात ती दुनळी आल्यापासून तिचा बार काढल्याचं निदान मी तरी ऐकलेलं नाही.

"किंचित," मी म्हणालो.