पुस्तकांची सोय झाली, आता बसा

अमेरिकेत रॅले इथल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने २०१३ साली हंट ग्रंथालय उघडलं आणि ग्रंथालयातली सगळ्यात मोठी अडचण एकदाची दूर केली. अडचण म्हणजे पुस्तकं. २० लाखांपर्यंत पुस्तकं मावतील एवढी सोय आहे. फक्त ती अठरा हजारांहून अधिक धातूच्या पेट्यांत, आणि पेटी काढणार 'बुकबॉट' हे यंत्र. पेटीत पुस्तकं विषयवार नव्हे, आकारवार लागतात. म्हणजे पत्रिका न बघता नुसती उंची बघून स्थळं जुळवायची! उंची जमली की तत्त्वज्ञान आणि पंपदुरुस्ती एकाच पेटीत सुखाने नांदणार.

यात कपाटांची जवळपास आठ-नवमांश जागा वाचली. तिथे रंगीत खुर्च्या, गटाने बसायच्या खोल्या, भिंतभर पडदे आले. (विद्यार्थ्यांना आधी बसायला जागाच पुरत नव्हती, हेही खरं. उभ्याने अभ्यास करणारा अजून जन्मायचा आहे.) शांतता मात्र आता खास सुविधा झाली; तिच्यासाठी वेगळं दालन.

एक पुस्तक शोधताना शेजारचंच हाती लागावं, ही कपाटांतली जुनी चैन. तीही विसरलेले नाहीत: पडद्यावर चित्रातलं कपाट दिसतं, त्यावर बोट फिरवायचं. भारतीय ग्रंथपाल रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यांत वाचकाचा वेळ वाचवा हेही होतं. बुकबॉट काही मिनिटांत पुस्तक आणतो. तेवढ्या वेळात वाचक कॉफी आणायला गेलेला असतो.