चार चाकांचं बिऱ्हाड

त्याला नाव आहे, पण ते त्याच्या लायसन्सवर. आमच्या चौकात तो फेब्रुवारीत ‘ओ द्राक्षं’ असतो, एप्रिल लागला की ‘ओ हापूस’, पितृपक्षात ‘ओ गवार’ आणि दसऱ्याला ‘ओ झेंडू’. हाक कुठलीही असो, तो ओ देतो. आपण त्याला भाऊ म्हणू. पुण्यात असे भाऊ दर दोन सोसायट्यांमागे एक आहेत, आणि प्रत्येकाला वाटतं की शहाणा मी एकटाच, बाकीचे उगाच गाळ्याचं भाडं भरतात.

भाऊ माणदेशाकडचा. घरी चार एकर आणि आकाशाकडे बघायची पिढीजात सवय. त्याला कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीत एक मित्र सांगतो, ‘पिकअप घे, एका हंगामात गाडी सुटते.’ हे सांगणारा मित्र प्रत्येक भाऊच्या आयुष्यात एकदाच येतो आणि नंतर फोन उचलत नाही. मग आईच्या पाटल्या मोडतात, डाउन पेमेंट होतं, आणि दारात पांढरी पिकअप उभी राहते. लायसन्सची अडचण नसते. साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी साध्या लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये भाऊच्या सोयीसाठी म्हणावं इतक्या स्पष्टपणे सांगून ठेवलंय. गाडीच्या मागे मोठ्या अक्षरात ‘आईचा आशीर्वाद’ आणि खाली कोपऱ्यात फायनान्स कंपनीचं नाव. कागदोपत्री बघायला गेलं तर मालकी नेमकी उलट्या क्रमाने आहे.

शहरात येताना भाऊने हिशेब केलेला असतो. खोलीचं भाडं, डिपॉझिट, लाइट बिल, एजंट. हे सगळं वाचवायचं तर पहिल्या हंगामापुरतं गाडीतच राहायचं. ‘पहिल्या हंगामापुरतं’ हे शब्द तो आईला फोनवर इतक्या खात्रीने सांगतो की आई देवाला तांब्याभर पाणी जास्त घालते.

सीटच्या मागे खिळ्याला ‘कालनिर्णय’ टांगलेलं. सत्तरच्या दशकात ते निघालं तेव्हा पंचांग सामान्य माणसाला सोपं करून देणं हा हेतू होता. भाऊच्या हातात त्याचा व्यवसाय-आराखडा झाला आहे. तुम्ही-आम्ही त्यात सुट्ट्या शोधतो, तो भूक शोधतो. मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे पाच फळं. संक्रांत म्हणजे बोरं, गाजरं, हरभरा. रमजान म्हणजे कलिंगड. वटपौर्णिमा म्हणजे वाणाचे आंबे आणि फणसाचे गरे. आषाढी म्हणजे रताळी. अख्ख्या महाराष्ट्रात कोण कधी उपाशी राहतं आणि कधी काय खाऊन तो उपास मोडतं, याचा इतका बारीक अभ्यास विद्यापीठात कोणी केला असेल असं वाटत नाही. स्वतः भाऊ मात्र बाराही महिने वडापावावर असतो.

त्याचं खरं रूप बघायचं तर आंब्यात. मार्केट यार्डात तो पहाटे तीनला जाऊन पोचतो. हमाली, तोलाई, अडत्याचं ‘घे रे, तुझ्यासाठी म्हणून’ हे सगळं ऐकून पेट्या हौद्यात चढतात आणि सात वाजता चौकात फ्लेक्स उलगडतो: ‘देवगड हापूस. शेतकरी ते ग्राहक थेट. आमच्याच बागेतला.’ यातला शेतकरी खरा आहे. थेटही खरं आहे, गाडी यार्डातून थेटच आलेली असते. बागेबद्दल मात्र विचारू नये. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्याच आंब्याला हापूस म्हणायचं, असं भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं. पण ते मानांकन फ्लेक्सवाल्याच्या दुकानापर्यंत पोचायचं आहे. कर्नाटकातून रात्री निघालेला आंबा सकाळी कोथरूडला उतरतो तेव्हा वाटेतच कुठेतरी देवगडचा रहिवासी झालेला असतो. भाऊ स्वतःही माणदेशातून निघून पुणेकर होऊ बघतोय, त्यामुळे त्याला यात गैर काही दिसत नाही.

‘देवगडच ना?’ काकू विचारतात.

‘काकू, वास घ्या. वास खोटं बोलतो का?’

वास खरंच खोटं बोलत नाही, कारण संपूर्ण भाऊलाच तो येतो. हौद्यात पेंढ्याची आढी घातलेली असते आणि रात्री त्याच पेंढ्यावर गोधडी टाकून तो आडवा होतो. एप्रिलच्या उकाड्यात, ताडपत्रीखाली, आंब्यांच्या शेजारी तोही हळूहळू पिकत असतो. मे महिन्यात त्याच्या गालावर जो पिवळा रंग चढतो तो तब्येतीचा नसून सहवासाचा आहे.

झोपायची जागा ही नवशिक्याची खरी परीक्षा. पहिल्या आठवड्यात तो गाडी चिंचेखाली लावतो, सावली म्हणून, आणि सकाळी कावळ्यांनी त्याला सही करून दिलेली असते. मग तो दिव्याच्या खांबाखाली जातो, तर रात्री साडेअकराला जेवून फिरायला निघालेलं जोडपं ताडपत्री उचलून विचारतं, ‘पाव डझन मिळेल का?’ अंधारात लावावी तर हवालदार टॉर्च मारतो. पाऊस आला की हौदा सोडून केबिनमध्ये यावं लागतं. तिथे डोकं एका दाराला, गुडघे स्टिअरिंगला. पहाटे दोनला कूस बदलली की गुडघा हॉर्नवर पडतो आणि ए, बी, सी तिन्ही विंगमधले दिवे लागतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगपेक्षा जास्त वेळ या हॉर्नवर चर्चा झाल्याचं मला माहीत आहे.

वॉचमनशी त्याचा अलिखित भाडेकरार असतो. आठवड्याला सहा नग, हंगाम कुठलाही असो. पाणी, नळाखाली आंघोळ आणि मोबाइल चार्जिंग त्यात येतं. कपडे साइड मिररवर वाळतात. महापालिकेची अतिक्रमणवाली गाडी दिसली की बाकीच्या हातगाडीवाल्यांची पळापळ होते. भाऊ फक्त पहिला गिअर टाकतो. कारवाईच्या वेळी चालू लागणारं घर शहरात त्याच्याशिवाय कोणाकडेच नाही.

बोलायला शिकावं लागतं, ते वेगळंच. सुरुवातीला त्याने पन्नाशीच्या एका बाईंना ‘आजी’ म्हटलं आणि एक पेटी गमावली. आता साठीपर्यंत ‘ताई’, त्यापुढे ‘मावशी’, आणि ‘आजी’ हा शब्द त्याने कायमचा रद्द केला आहे. घासाघीस करणाऱ्याला तो नाही म्हणत नाही. आधी दुखावल्यासारखा थांबतो, कॅरेटकडे बघतो, आकाशाकडे बघतो आणि म्हणतो, ‘तुमच्यासाठी म्हणून.’ हे वाक्य त्याने अडत्याकडून पहाटेच विकत घेतलेलं असतं, फायद्यात विकतो. दिवसभर भोंग्यावर त्याच्या मामेभावाचा रेकॉर्ड केलेला आवाज फिरतो. हंगाम बदलला तरी मेमरी कार्ड बदलायचं राहतं, म्हणून जूनमध्ये कांद्याच्या ढिगावरून ‘साखरेसारखा गोड, खाऊन बघा’ असं सुरू असतं. कोणी तक्रार केली नाही. एका आजोबांनी तर खाऊनही बघितला.

पावसाळ्यात धंदा पातळ होतो, तेवढ्यात गणपती येतात. भाऊ पेणला जातो आणि मूर्ती भरून खोपोलीवरून बोरघाट चढतो. वर्षातल्या याच एका फेरीत त्याच्या तोंडून शिवी निघत नाही. हौद्यात देव उभे असल्यामुळे त्याला केबिनमध्येच बसल्या बसल्या झोपावं लागतं, पण याचं त्याला काही वाटत नाही. घरात पाहुणे आल्यावर यजमानाने ओसरीवर झोपायचंच असतं. प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी जवळजवळ थांबते. मागच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतो तेव्हा भाऊ खिडकीतून हात जोडून दाखवतो. तो नमस्कार बसवाल्याला की पाठीमागच्या देवांना, हे बसवाल्यालाही ठरवता येत नाही.

पितृपक्ष हा त्याचा आवडता पंधरवडा, आणि त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. एरवी दोन रुपयांसाठी जुडी परत ठेवणारी माणसं या दिवसांत गवार, कारली, भोपळा, अळू मुकाट्याने सांगितलेल्या भावाने घेतात. ‘जिवंत माणसाच्या ताटाला घासाघीस चालते. वाडवडिलांच्या पानाला कोन करनार?’ भाऊ म्हणतो. त्याने स्वतःच्या वडिलांचं पान मात्र गावाकडे आईवर सोपवलेलं असतं, कारण नेमक्या त्याच दिवशी भोपळ्याला भाव असतो.

दसऱ्याचा झेंडू त्याला शेअर बाजार शिकवतो. पहाटे ज्याला लोक हातातून ओढून घेतात, त्याच्याकडे दुपारी सोनं वाटून झाल्यावर कोणी बघत नाही. पहिल्या वर्षी भाऊने दुपारच्या गिऱ्हाइकासाठी अर्धी गाडी राखून ठेवली होती. त्या रात्री तो केशरी-पिवळ्या ढिगाऱ्यावरच झोपला. फुलांची शेज राजे-महाराजांना मिळाली असेल-नसेल, त्याला मिळाली, आणि उशाशी मोबाइलवर हप्ता थकल्याचा मेसेज.

पण तो खचला असं समजू नका. भाऊच्या वहीत तोटा या सदराखाली काही लिहिलेलं सापडणार नाही. द्राक्षं अवकाळीने गेली, तो पाऊस. हापूस उशिरा आला, ती थंडी. झेंडू पडला, ती आवक. प्रत्येक हंगामाला कारण आहे आणि प्रत्येक हंगामानंतर पुढचा हंगाम आहे. गाडी कधी सुटणार असं विचारलं की तो कालनिर्णयाचं पान उलटतो. मागे वळून बघण्याची सोय त्या कॅलेंडरात नाही, आणि त्याच्या स्वभावातही नाही. फायनान्स कंपनीच्या मॅनेजरने मात्र हीच पानं उलट्या बाजूने वाचलेली असतात.

तुळशीचं लग्न लागलं की स्थळं येऊ लागतात. मुलीच्या वडिलांचा फोन येतो तेव्हा भाऊ सीताफळं मांडत असतो.

‘ऱ्हायला कुठं?’

‘पुन्यात. कोथरूडला.’

पलीकडे आदराची शांतता.

‘सोताचं का भाड्याचं?’

‘सोताचं. हप्तं चालू हायेत.’

‘कितवा मजला?’

‘तळमजलाच घेतलाय.’

‘जागा कशी हाय?’

‘धा बाय साडेपाच. पन हवेशीर.’

‘बरं, मग येत्या रविवारी घर बघाया येतो.’

‘पावनं, तुमी कशाला तरास घेता? मीच घिऊन येतो.’

रविवारी तो खरोखरच घर घेऊन गेला. पाहुण्यांनी घराभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायर दाबून बघितले आणि कळवतो म्हणाले. हौद्यात दोन कॅरेट सीताफळं उरलेली होती; ती मात्र त्यांनी घासाघीस करून घेतली.